मेजरची बहीण

मी, सत्यशीला किसन ठुबे, मेजर, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस (निवृत्त), वय वर्षे अडुसष्ट, धंदा पेन्शन, राहणार बाभूळदरा, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर, माझ्या मागं माझ्या मिळकतीची आणि माझ्या देहाची तजवीज कशी करावी हे या कागदात लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉ. अवधूत जोशी यांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. मी दोनपर्यंत येऊन थांबले आणि त्यांचा कंपाउंडर सुई चुकीच्या कोनात धरतो हेही सांगितलं. यकृतात गाठी आहेत. किती दिवस उरले ते मी डॉक्टरांना विचारलं नाही, मीच त्यांना सांगितलं.

हे लिहिण्यासाठी माझ्यावर कुणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणील असा माणूस या तालुक्यात अजून जन्माला यायचाय. मजकूर मी तोंडी सांगितला, टाइप ॲड. विजया सुमंत कुलकर्णी यांनी केला. मृत्युपत्राच्या व्यवस्थापक त्याच राहतील. त्यांनी तीन ठिकाणी "मॅडम, एवढं काढू या का?" असं विचारलं. काढलेलं नाही.

कलम १. या कागदात 'मेजर' हा शब्द जिथं येईल तिथं त्याचा अर्थ मी, एवढाच घ्यावा.

हे वेगळं सांगावं लागतं, कारण आमच्याकडे फौजेतून कुणीही परत आला, मग तो शिपाई असो, न्हावी असो नाहीतर स्वयंपाकी, की एसटीतून उतरल्या उतरल्या मेजर होतो. माझा धाकटा भाऊ गोरक्षनाथ एकोणनव्वद साली नाईक म्हणून परत आला. नाईक म्हणजे दंडावर दोन फिती. तिथून मेजरपर्यंत मधे सहा पायऱ्या आहेत, आणि त्यातल्या वरच्या चढायला मला माझी सगळी उमर लागली. गावानं त्याला पानाच्या टपरीवरच बढती देऊन टाकली. मी २००१ साली खरी मेजर होऊन परत आले, कारण आई अंथरुणाला खिळली होती आणि गोरखच्या बायकोच्या एकटीच्यानं ते सगळं होत नव्हतं. स्टँडवर दोन म्हातारे बसले होते. एकानं विचारलं, "कोण गं ही बाई?" दुसरा म्हणाला, "मेजरची बहीण हाय. नर्सबाई."

त्याच वर्षी दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि सांगितलं की माझा भाऊ नाईक आहे, मेजर मी आहे, आणि सरकारी कागद माझ्या पिशवीत आहे, ज्याला बघायचा त्यानं बघावा. गोरख पुढच्या रांगेत बसला होता. लोक हसले. त्याला महिनाभर "काय नाईक, कुटं चालला?" असं विचारत होते. मग पुन्हा मेजर म्हणायला लागले, आणि मला काहीच म्हणेनासे झाले. ग्रामसभेत बोलले याचा मला पस्तावा नाही. जे खरं ते खरं.

कलम २. माझी काळी पत्र्याची पेटी, जिच्यावर पांढऱ्या रंगानं माझा नंबर आणि नाव आहे, तिच्यात अकरा साड्या आहेत. घडी मोडलेली नाही. दर सव्वीस जानेवारीला गावातलं माजी सैनिक मित्रमंडळ शाळेच्या पटांगणात सत्कार करतं. माजी सैनिकांना शाल आणि नारळ. वीरपत्नींना साडी, खण आणि ओटी. मला पहिल्या वर्षी वीरपत्नींच्या रांगेत बसवलं. मी अध्यक्षांना म्हणाले, "अहो, मला नवराच नाही, तो शहीद कधी झाला?" ते म्हणाले, "बाईमाणसाच्या खांद्यावर शाल कशी टाकायची मॅडम? बरं नाही दिसत." असं अकरा वर्षं चाललं, मग मी जायचंच सोडलं. वेशीजवळच्या दगडावर गावातल्या त्रेचाळीस सैनिकांची नावं कोरली आहेत. माझं नाव नाही. गोरखचं आहे, मेजर म्हणून.

तर या अकरा साड्या मंडळाच्या अकरा कार्यकारिणी सदस्यांना देते. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सव्वीस जानेवारीला, त्याच पटांगणात, झेंडावंदनानंतर, त्या अकरा जणांनी एका रांगेत उभं राहून खांद्यावरचा टॉवेल पसरून ओटी भरून घ्यावी. हळदकुंकू लावायचं. मिशी असली तरी लावायचं. माइकवरून प्रत्येकाचं नाव पुकारावं. हे सगळं झालं तर मंडळाला सभागृहासाठी हवी असलेली माझी रस्त्याकडेची दोन गुंठे जागा मिळेल. एकानंही पाठ फिरवली तर ती जागा ग्रामपंचायतीनं कोंडवाड्यासाठी वापरावी. ॲड. विजया यांनी ही अट टिकेल का, अशी शंका काढली आहे. न टिकली तरी चालेल. वाचून तर दाखवावी लागेलच.

कलम ३. भाचा रामहरी गोरक्षनाथ ठुबे याला माझ्या कपाटातली सर्जिकल ब्लेडची दोन पाकिटं देते. त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर इंग्रजीत आर्मी असं लिहिलेलं आहे आणि पुढच्या काचेवर 'मेजर साहेब'. रामहरी भरतीला एकदाच गेला होता आणि धावण्याच्या दुसऱ्या फेरीत चपलेचं निमित्त काढून बाहेर बसला. तो प्लॉटिंगची कामं करतो आणि टोलनाक्यावर वडिलांचं कार्ड दाखवतो. त्यानं ती दोन्ही स्टिकरं ब्लेडनं खरवडून काढावीत. ब्लेड तिरकी धरावी, काचेला ओरखडा येत नाही.

माझं दुखणं कळल्यावर रामहरी आला आणि "आत्याऽ, आत्याऽ" करून असा हंबरडा फोडला की शेजारच्या कोंबड्या उठल्या. आमच्या वॉर्डात एकदम जखमी आले की आम्ही आधी तीन रांगा करायचो. जो ओरडतो त्याला तिसऱ्या रांगेत. ओरडायला श्वास आहे, म्हणजे जगेल. जो गप्प पडून आहे त्याच्याकडे आधी पळायचं. हे मी दोनशे मुलींना शिकवलं. रामहरी तिसऱ्या रांगेत आहे, त्याला काही होत नाही, आणि ब्लेड सोडून त्याला काही मिळतही नाही.

कलम ४. भावजय लंकाबाई गोरक्षनाथ ठुबे हिला माझी बँकेतली सगळी ठेव देते. खातं तिच्या एकटीच्या नावावर राहील. रामहरी पासबुकाला हात लावताना दिसला तर ॲड. विजया यांनी दोघांना बोलावून हे कलम मोठ्यानं वाचून दाखवावं. लंकाबाई बुद्धीनं मंद आहे, भाकरी करपवते आणि आयुष्यात तिनं एकदाही माझ्या तोंडाला तोंड दिलं नाही. पण गेली सदतीस वर्षं ती रोज माझ्या भावाच्या अर्ध्या पावलाला तेल लावते. ते काम माझं होतं असं मला कधीकधी वाटतं.

तिलाच एक स्टीलचा चमचाही देते. तो स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे, वापरत नाही. आई गेली त्या दुपारी ती पाणी मागत होती. डॉक्टरांनी तोंडावाटे काहीही द्यायचं नाही असं सांगितलं होतं. आई मला म्हणाली, "सत्या, घोटभर दे गं, मी तुजी आई हाय." मी नाही दिलं. ऑर्डर होती. पाणी श्वासनळीत गेलं असतं. मी औषध आणायला आत वळले तेवढ्यात गोरखनं या चमच्यानं तिला पाणी पाजलं आणि ती हसली. मी त्याचा दंड धरून त्याला ओसरीवर काढलं आणि कडी लावली. आई अर्ध्या तासात गेली. तो बाहेर होता. पुन्हा तशी वेळ आली तरी मी तेच करीन. चमचा मात्र मी घासून टांगून ठेवला, तो का, हे मला सांगता येणार नाही.

कलम ५. माझा देह. रडणं नको, भजन नको. चादरीचे कोपरे दवाखान्यात करतात तसे घट्ट मोडून घालावेत, माझ्याकडे कामाला असलेल्या कडूबाईला ते येतात. तिला शिकवायला मला दोन वर्षं लागली. वेशीतून नेताना त्या दगडाजवळ थांबू नये. माझं नाव आता कोरायचं असेल तर कोरावं, पण 'मेजर' आधी आणि 'बहीण' कुठंही नको.

कलम ६. कडूबाई ही जामखेडकडची बाई ऊसतोडीला जाता जाता नवऱ्यानं टाकली म्हणून या गावात राहिली आणि वीस वर्षं माझ्याकडे कामाला आहे. भांड्यांच्या कडा नीट घासत नाही. तिसरी मुलगी झाली म्हणून आईबापानं तिचं नाव कडू ठेवलं. ती मला बाई म्हणते. मी तिला सुरुवातीला मॅडम म्हणायला सांगितलं होतं, तेव्हा म्हणाली, "मॅडम शाळंत असत्यात, बाई. घरात न्हाई." तिचं पुढच्या कलमात येईल.

कलम ७. राहतं घर, ग्रामपंचायत मिळकत, दोन खोल्या, ओसरी, मागे आडवं अंगण आणि एक लिंबाचं झाड. माझ्या पैशानं बांधलेलं आहे, वडिलोपार्जित एक वीटही नाही. कलम २ मधली पेटी रिकामी झाल्यावर याच घरात राहील. ज्याचं घर त्याची पेटी.

हे घर कुणाला द्यायचं ते सांगण्याआधी पेटीबद्दल सांगावं लागेल. १९७८ साली मी नर्सिंगला निघाले तेव्हा वडील ओसरीवरून उठले नाहीत. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणारी पोरगी त्यांना नको होती. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. गोरख सोळा वर्षांचा होता. त्यानं ही पेटी डोक्यावर घेतली आणि पारनेर स्टँडपर्यंत चार मैल चालत आला. सारखा म्हणत होता, "ताई, दगडं भरलीत का गं हिच्यात? माजी मान मोडली की!" गाडी सुटताना खिडकीला धरून पळत पळत विचारलं, "ताई, मला बी घेतील का गं फौजत?" दोन वर्षांनी घेतलं. माझ्यामुळे गेला तो, दुसऱ्या कुणामुळे नाही.

फेब्रुवारी १९८७. मी उत्तरेकडच्या एका लष्करी रुग्णालयात होते, त्याचं नाव इथं लिहायचं कारण नाही. कॅप्टन होऊन तीन महिने झाले होते. खांद्यावरचे तारे नवे होते आणि अर्धे पुरुष ते न पाहता सिस्टर म्हणून हाक मारायचे. सकाळी मोठ्या साहेबांचा राउंड चालू होता. वर बर्फात पायाची बोटं काळी पडलेली सात पोरं स्ट्रेचरवर आणली. चौथा गोरख होता. त्याला मी तिथं आहे हे माहीत नव्हतं. मला पाहिलं आणि लहान पोरासारखा दोन्ही हात वर करून ओरडला, "ताई! ताई गं!"

साहेबांनी मागं वळून विचारलं, "ये ताई कौन है?" आणि दोघंतिघं हसले.

मी म्हणाले, "यहाँ कोई ताई नहीं है. सावधान!"

गोरखनं हात खाली घेतले. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या टाचा जुळवल्या, त्या काळ्या बोटांसकट, आणि छताकडे बघत राहिला. पाणी डोळ्यांतून कानात जात होतं, पुसायला हात हलवला नाही. राउंड पुढं गेल्यावर मी त्याच्याजवळ गेले. मराठीत बोलले असते तर चाललं असतं, कुणी नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, बोटं जानार का?" मी म्हणाले, "जाणार." एका पायाची पाचही गेली. एकवीस दिवस त्याचं ड्रेसिंग मी स्वतः केलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रोज पट्टी बांधून झाली की तो "थँक्यू मॅडम" म्हणायचा.

त्या दिवसापासून आजपर्यंत एकोणचाळीस वर्षं झाली. त्यानं मला ताई म्हटलेलं नाही. गावात मॅडमही म्हणत नाही. निरोप असला तर लंकाबाईला सांगतो, "त्यांना म्हनावं, लाइटबिल आलंय." समोर आला तर मान खाली घालून जातो. मी पहिल्यांदा बोलावं असं लोक सांगतात. मी का? मी ड्यूटीवर होते. तारे खांद्यावर असताना मी कुणाची ताई होऊ शकत नव्हते, आणि ते उतरल्यावर कसं व्हायचं हे मला कुणी शिकवलं नाही. असो.

तर अट अशी. या मृत्युपत्राचा एक साक्षीदार म्हणून मी गोरखला बोलावलं आहे. साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते. ज्याला काही मिळायचं आहे त्यानं साक्ष घालू नये, असं वकीलबाई सांगतात, म्हणून त्याला वाटेल की मी त्याला काहीच दिलेलं नाही, आणि सहीसाठी बोलावून जखमेवर मीठ चोळते आहे. वाटू दे. सहीखाली त्यानं आपला खरा हुद्दा, नाईक, असा स्वतःच्या हातानं लिहायचा आहे, एवढंच त्याला कळवलं आहे.

आल्यापासून सही करेपर्यंत त्यानं मला एकदा जरी ताई म्हटलं, तर त्याची सही घ्यायची नाही. वकीलबाईंची कारकून आरती ओसरीवर बसून राहील, तिची साक्ष घ्यावी, आणि घर आणि पेटी गोरखची. नाही म्हटलं, तर त्याचीच सही घ्यावी आणि घर आणि पेटी कडूबाईची. त्याला हे कुणीही सुचवायचं नाही. मीही नाही. खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत, त्या मी त्या वेळी माझ्या हातानं भरीन.

(इथून पुढं माझ्या हस्ताक्षरात.)

गोरख बरोबर अकराला आला. डोक्यावर रोजची पांढरी टोपी नव्हती. पलटणीची टोपी होती, बिल्ला घासून लख्ख केलेला. उंबऱ्याच्या आत आला, बूट जुळवले आणि सलाम ठोकला. कोपर, मनगट, सगळं जागच्या जागी. "जयहिंद, मॅडम." मी सलाम परत केला. दुसरं काय करणार?

मी म्हणाले, "बस गोरख." तो म्हणाला, "ठीक हाय, मॅडम." मी म्हणाले, "चहा टाकायला सांगते." "नको, मॅडम. घिऊन आलोय." मी म्हणाले, "पाय दुखत असेल." "सवय हाय, मॅडम."

मग जे करायचं नाही असं वर लिहिलं आहे तेच मी केलं. म्हणाले, "गोरख, ती पेटी आठवते का? तू डोक्यावर घेतली होतीस." त्यानं कोपऱ्यातल्या पेटीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. ओठ हलले. तो म्हणाला, "आठवतीया, मॅडम. लई जड हुती."

त्याला ओसरीवर थांबायला सांगितल्यावर वकीलबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "मॅडम, अजून सही झालेली नाही. अट आत्ता काढून टाकता येते." येते, हे मला माहीत आहे. काढली नाही. आज काढली तर त्या दिवशीही दुसरं काही करता आलं असतं, असं होईल, आणि मग मी एकोणचाळीस वर्षं काय सांभाळलं? फार वाईट वाटतंय. कोऱ्या ओळी पुरल्या नाहीत, समासात लिहिते आहे. घर आणि पेटी कडूबाईची. कुणी तक्रार करू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांना समोर उभं करून मी यावर सही करते.

सही: मेजर सत्यशीला किसन ठुबे (निवृत्त)
स्थळ: बाभूळदरा, ता. पारनेर
तारीख: १४ मार्च २०२६

साक्षीदार १. डॉ. अवधूत जोशी, पारनेर. सही करताना रुग्ण पूर्ण शुद्धीवर होत्या.

साक्षीदार २. मेजर सत्यशीला ठुबे मॅडम यांनी माझ्या समक्ष सही केली. कागदात काय लिवलंय ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.
नाईक गोरक्षनाथ किसन ठुबे (निवृत्त)